बेलूचे सोळा आठवडे

आमच्या स्वयंपाकघरातील कालनिर्णयावर यंदा एप्रिलपासून काही बुधवारांभोवती लाल पेनाने वर्तुळे काढलेली आहेत आणि प्रत्येक वर्तुळात एक बारीक आकडा लिहिलेला आहे: ७, १०, १३, १६. घरी येणाऱ्यांना तो दुधाचा किंवा गॅस सिलिंडरचा हिशेब वाटतो. प्रत्यक्षात ते आमच्या बेलूचे वय आहे, आठवड्यांत मोजलेले. कुत्र्याच्या पिल्लाचे लसीकरण म्हणजे काय, हे मला या आकड्यांनी शिकवले. त्याआधी एक पिल्लू हातातून गेले होते.

२०१६ मध्ये आमच्याकडे मोत्या होता. विकणाऱ्याने त्याच्यासोबत एक रंगीत पुस्तिका दिली होती आणि तीत पंचेचाळिसाव्या दिवशी पहिली लस टोचल्याची नोंद होती. सहासष्टाव्या दिवशी आम्ही त्याला दुसरी लस दिली. ज्या दवाखान्यात ती दिली, तेथे ‘कोर्स पूर्ण झाला, आता तीन महिन्यांचा झाला की रेबीजची तेवढी घ्या’ असे आम्हांला सांगण्यात आले आणि आम्हीही निर्धास्त होऊन त्याला सोसायटीच्या बागेत सोडू लागलो. साडेतीन महिन्यांचा असताना एका सकाळी त्याने दूध ओकले, दुपारपर्यंत रक्ताचे जुलाब सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. तपासणीत पार्वो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणारा विषाणूचा रोग, निघाला. दोन लशी देऊनही हे कसे झाले, याचे उत्तर आम्हांला कोणी दिले नाही आणि मीही ‘लसच खोटी असावी’ एवढ्यावर तो विषय मिटवून टाकला.

नऊ वर्षांनी, बेलू घरी येण्याच्या आठवडाभर आधी, मी नव्या डॉक्टरांसमोर बसून हीच हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी फक्त दुसऱ्या लशीची तारीख पुन्हा विचारली, बोटांवर हिशेब केला आणि त्या म्हणाल्या, “म्हणजे शेवटची लस साडेनऊ आठवड्यांना. किती दिल्या ते नंतर बघू, शेवटची कधी दिली ते आधी.” आमच्या पुढच्या सगळ्या आखणीचा पाया हे वाक्य होते, म्हणून त्यामागचे कारण जरा सविस्तर लिहिते.

गाय व्यायली की पहिले दोन-तीन दिवस जे घट्ट पिवळसर दूध येते त्याला आपण चीक म्हणतो आणि त्याचा खरवस करून खातो. कुत्रीलाही चीक येतो. पिल्लाला आईकडून मिळणारी बहुतेक सर्व प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिने, अँटीबॉडी) याच चिकातून मिळतात आणि तीही जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत, कारण त्यानंतर पिल्लाचे आतडे ती तशीच्या तशी रक्तात शोषून घेऊ शकत नाही. ही उसनी प्रतिपिंडे पिल्लाला सुरुवातीचे काही आठवडे रोगांपासून वाचवतात. परंतु ती खरा विषाणू आणि लशीतला दुबळा केलेला विषाणू यांच्यात भेद करीत नाहीत. लस टोचली की आईची प्रतिपिंडे लशीचाच बीमोड करतात, पिल्लाच्या स्वतःच्या शरीराला काही शिकण्याची संधीच मिळत नाही आणि लस वाया जाते. ही प्रतिपिंडे हळूहळू कमी होत जातात, पण कोणत्या पिल्लात ती कधी संपतील हे बाहेरून दिसत नाही. एकाच वेतातल्या एका पिल्लात ती आठव्या आठवड्यात संपलेली असतात, तर दुसऱ्यात चौदा-पंधरा आठवडे टिकतात. त्यातही एक अवघड काळ असा येतो की उसनी प्रतिपिंडे लशीला अडवण्याइतकी असतात, पण रोगाला अडवण्याइतकी उरलेली नसतात. मोत्या बहुधा याच फटीत सापडला.

पिल्लांना तीन-तीन आठवड्यांनी पुन्हा पुन्हा तीच लस का देतात, याचा मला माहीत असलेला अर्थ आजवर चुकीचा होता. पहिली लस थोडी शक्ती देते, दुसरी आणखी थोडी आणि तिसरीने भांडे भरते, असे मी समजत होते. पार्वो, डिस्टेंपर (ताप आणि झटके आणणारा विषाणूचा रोग) आणि संसर्गजन्य कावीळ यांच्या जिवंत लशींबाबत तसे नसते. आईची प्रतिपिंडे संपलेली असताना दिलेली एकच मात्रा बहुतेक पिल्लांना पुरते. ती नेमकी कोणती ठरेल हे कळत नाही, म्हणून दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दार ठोठावत राहायचे आणि सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत किंवा त्यानंतरही एकदा ठोठावायचे. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांची जी जागतिक संघटना आहे, तिच्या मार्गदर्शक सूचनांत हाच सोळा आठवड्यांचा नियम आहे. दोन मात्रा झाल्या की तीन, हा प्रश्न त्यामुळे गौण ठरतो. सहाव्या आणि नवव्या आठवड्यात दिलेल्या दोन मात्रांपेक्षा सोळाव्या आठवड्यातली एक मात्रा अधिक भरवशाची असते; फक्त तोवर पिल्लू उघड्यावर पडू नये, म्हणून आधीच्या मात्रा द्यायच्या.

वय आठवड्यांत मोजायचे तर जन्मतारीख हवी आणि रस्त्यावरच्या पिल्लाची जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? दुधाचे दात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून येऊ लागतात आणि आठव्यापर्यंत सगळे आलेले असतात, त्यावरून डॉक्टर वयाचा अंदाज बांधतात; पण त्यात आठवड्याभराची चूक सहज होते. आमचे नशीब असे की बेलूची आई आमच्या वॉचमनच्या खोलीमागे, पाण्याच्या टाकीशेजारी व्यायली तेव्हा वॉचमनच्या पत्नीचा उपास होता आणि रात्री जागरण. त्यांनी ठामपणे सांगितले, “ताई, महाशिवरात्रीच्या रात्री झाली पिल्ले.” म्हणजे २६ फेब्रुवारी २०२५, बुधवार. बेलूचे नाव बेलावरून पडले आणि आमची सगळी वर्तुळे बुधवारी पडली, ती यामुळे.

पिल्लू सोबत न घेता, केवळ बोलायला म्हणून डॉक्टरांकडे जाणे मला आधी थोडे विचित्र वाटले होते. आता प्रत्येकाला मी तेच सुचवते. पिल्लू मांडीवर असले की लक्ष सगळे त्याच्याकडे असते आणि डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांना आपण काहीही उत्तरे देतो. त्या दिवशी त्यांनी अर्धा तास मलाच प्रश्न विचारले. आईला कधी लस दिली होती का? तिचे कान कापलेले नव्हते, म्हणजे नसबंदी झालेली नव्हती, आणि ज्या कुत्रीला नसबंदीसाठी कोणी पकडलेले नाही तिला रेबीजची लस तरी कोण देणार, असा त्यांचा तर्क होता. मात्र रस्त्यावर तीन-चार वर्षे जगलेली कुत्री पार्वो आणि डिस्टेंपर या दोन्हींना तोंड देऊन उरलेली असण्याची शक्यता मोठी, तेव्हा तिच्या चिकात प्रतिपिंडे भरपूर असतील आणि ती पिल्लात अधिक काळ टिकू शकतील, हेही त्यांनी जोडले. मग परिसरात अलीकडे पिल्ले दगावली आहेत का, घर कितव्या मजल्यावर आहे, घरात लहान मूल आहे का, पावसाळ्यात कोठे जाणार आहात, कुत्र्याला बाहेर ठेवून गावाला जाण्याची वेळ येते का, असे एकेक करून विचारत त्या माझ्या कालनिर्णयाची पाने उलटत होत्या.

त्यांची पहिली सूचना लशीविषयी नव्हतीच; ती जंतांच्या औषधाची होती. पिल्लाच्या पोटात गोल जंत आईच्या गर्भातूनच येतात आणि आकडेकृमी दुधातून, त्यामुळे जन्मानंतर दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी औषध देणे योग्य. आमच्याकडे आधीच उशीर झाला होता. हे औषध वजनावर ठरते, म्हणून मी आणि वॉचमन चारही पिल्ले एका टोपलीत घालून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेलो आणि साखर मोजायच्या काट्यावर त्यांना एकेक करून तोलले. बेलू भरली एक किलो सहाशे ग्रॅम. लशीचे मात्र वजनाशी काही नाते नसते, हे मला त्या दिवशी नव्याने कळले. दीड किलोच्या पिल्लाला आणि तीस किलोच्या कुत्र्याला मात्रा एकच, कारण तेथे औषधाने शरीर भरायचे नसून शरीराला फक्त शत्रूची ओळख करून द्यायची असते. ‘पिल्लू लहान आहे, अर्धीच द्या’ असा आग्रह धरणारे लोक असतात आणि तो ऐकणारेही असतात. अर्धी मात्रा म्हणजे दिली न दिल्यासारखीच.

यानंतर तारखा पडल्या. सातव्या आठवड्यात, १६ एप्रिलला, फक्त डिस्टेंपर आणि पार्वो यांची पिल्लांसाठीची लस. दहाव्या आठवड्यात, ७ मेला, मोठी एकत्रित लस आणि तिच्यासोबत लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा जिवाणूचा रोग) पहिली मात्रा. तेराव्यात, २८ मेला, पुन्हा एकत्रित लस, लेप्टोची दुसरी मात्रा आणि रेबीजची पहिली. सोळाव्यात, १८ जूनला, एकत्रित लशीची या मालिकेतली शेवटची आणि रेबीजची दुसरी. आणि मग थेट सव्विसाव्या आठवड्यात आणखी एक. ही शेवटची कशासाठी, असे मी विचारले. सोळा आठवड्यांनंतरही ज्या थोड्या पिल्लांत आईची प्रतिपिंडे रेंगाळलेली असतात, त्यांच्यासाठी ती सुरक्षेची फेरी आहे. पूर्वी ती वर्षाने देत असत, परंतु चुकून असुरक्षित राहिलेल्या पिल्लाला वर्षभर तसेच ठेवण्यापेक्षा सहा महिन्यांनाच ती द्यावी, असे २०२४ च्या सूचनांत म्हटले आहे. मी सव्विसावा आठवडा मोजत गेले आणि बोट २७ ऑगस्टवर, गणेश चतुर्थीच्या चौकटीवर जाऊन थांबले. डॉक्टर हसल्या आणि त्यांनी वर्तुळ एक आठवडा पुढे, गौरी-विसर्जनानंतरच्या बुधवारी काढले. उशीर चालतो, घाई चालत नाही, असे त्या म्हणाल्या.

‘नाइन इन वन’ घ्यायची की ‘सेव्हन इन वन’, हा प्रश्न मी घरून ठरवून नेला होता, कारण ओळखीतल्या प्रत्येकाने मला मोठा आकडा घेण्याचा सल्ला दिला होता. डॉक्टरांनी दोन डब्या समोर ठेवून मला मागची यादी वाचायला लावली. हा आकडा बऱ्याचदा लेप्टोचे उपप्रकार वेगवेगळे मोजून वाढलेला असतो; काही लशींत कुत्र्यांच्या करोनाचाही घटक असतो, जो रोग पिल्लांत सहसा सौम्य असतो आणि ज्याची लस जागतिक सूचनांत सुचवलेलीच नाही. त्यामुळे आकडा पाहण्याऐवजी तीन नावे आहेत ना, हे पाहावे: डिस्टेंपर, पार्वो, आणि यकृताला सूज आणून संसर्गजन्य कावीळ करणारा ॲडिनोव्हायरस. आपल्याकडे त्यांच्या जोडीला रेबीज आणि लेप्टो. बाकीचे घर पाहून ठरते. कुत्र्याला सांभाळगृहात ठेवण्याची वेळ येत असेल तर केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, लस घ्यावी. आम्हांला ती गरज नव्हती. आणि पुण्यात ज्या आजाराने कुत्रे सर्वाधिक आजारी पडताना मी पाहिले आहेत, त्या गोचीडतापावर आपल्याकडे लसच नाही. तेथे गोचिडी वेचणे आणि मानेवर औषध घालणे, एवढाच इलाज.

लेप्टोवर आमच्या घरी वेगळी चर्चा करावी लागली नाही, कारण माझ्या सासूबाई चिपळूणच्या आहेत. २२ जुलै २०२१ च्या पुरात घरात छातीएवढे पाणी आले होते आणि पाणी ओसरल्यावर त्यांनी लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या घेतल्या होत्या. उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरणारा हा जिवाणू माणसाला होतो तसाच कुत्र्यालाही होतो आणि कुत्र्याच्या लघवीतून तो परत माणसापर्यंत येऊ शकतो. “माझ्याकडे आणायची असेल तर ते इंजेक्शन दिल्याशिवाय आणू नका,” असे त्यांनी फोनवर बजावले. ही लस मेलेल्या जिवाणूंची असल्याने तिचे गणित पार्वोच्या लशीपेक्षा निराळे: तेथे दोन मात्रा दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने लागतातच, एकीने भागत नाही, आणि दरवर्षी ती पुन्हा द्यावी लागते. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, असे धरून डॉक्टरांनी दुसरी मात्रा २८ मेला ठेवली होती, म्हणजे पावसाच्या आधी दहा-बारा दिवस हाताशी राहिले असते.

यंदाच्या पावसाने तो हिशेब धुऊन काढला. मे महिनाभर वळवाने झोडपले आणि २६ मेला तर मान्सूनच मुंबईत येऊन दाखल झाला. पुण्यातले रस्तेही भरून वाहत होते. २८ तारखेला मी बेलूला रेनकोटच्या आत धरून, घोट्याएवढ्या पाण्यातून दवाखान्यात पोहोचले, तेव्हा मला वाटले की डॉक्टर घाईने काहीतरी जास्तीचे देतील. त्यांनी ठरलेलेच दिले आणि पुढचे पंधरा दिवस पिल्लाचे पाय साचलेल्या पाण्याला लागू द्यायचे नाहीत, एवढेच सांगितले. जूनमधला चिपळूणचा बेत रद्द झाला. तारीख अलीकडे ओढता आली असती का, याचा मी नंतर बराच विचार केला. दहाव्या आठवड्याऐवजी आठव्यात सुरुवात करता आली असती. पण त्यासाठी पाऊस मेमध्ये येणार हे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोणालातरी ठाऊक असायला हवे होते.

त्या दिवशी बेलूला दोन सुया लागल्या: एकत्रित लस आणि लेप्टो मिळून एक सुई, उजव्या बाजूला, आणि दुसरी सुई रेबीजची, डाव्या बाजूला. दोन्ही बाजू पुस्तिकेत लिहून ठेवल्या, म्हणजे पुढे एखाद्या जागी गाठ आली तर ती कोणत्या लशीची हे कळते. आपल्या डॉक्टरांकडे काय पाहावे असे कोणी विचारले, तर मी हे सांगेन: लस फ्रीजमधून समोर काढली जाते का, भुकटीची छोटी बाटली आणि द्रावणाची बाटली आपल्यासमोर एकत्र केली जाते का, आणि बाटलीवरचा बॅच क्रमांकाचा कागद सोलून पुस्तिकेत चिकटवला जातो का. दोन ते आठ अंश सेल्सियस, यापलीकडे गेलेली जिवंत लस हे नुसते पाणी असते. मोत्याच्या पुस्तिकेतल्या पहिल्या नोंदीपुढे असा कागद नव्हता, हे मला आता ती पुस्तिका पुन्हा उघडल्यावर दिसले.

लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसायचे, हा नियम आम्ही पाचही वेळा पाळला. गंभीर ॲलर्जी क्वचितच होते, पण झाली तर बहुधा पहिल्या काही मिनिटांत ते तासाभरात, आणि तेव्हा इंजेक्शन हाताशी असलेला माणूस समोर हवा. तोंड सुजणे, अंगावर गांधी उठणे, ओकारी, हिरड्या पांढऱ्या पडणे, एवढ्यांवर लक्ष ठेवायचे होते. तेराव्या आठवड्यानंतर बेलू दिवसभर झोपली, संध्याकाळचा भात तिने सोडला आणि तिला कणकण होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझी चप्पल चावली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

रेबीजविषयी माझ्या पिढीच्या मनात अजूनही पोटातली चौदा इंजेक्शने बसलेली आहेत. माझ्या वडिलांनी ती घेतली होती. मेंढ्यांच्या मेंदूपासून बनवलेली ती लस कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी विकसित केली आणि आपल्या देशात तिचा वापर २००५ च्या सुमारास थांबला. आता माणसाला दंडात मोजकी इंजेक्शने पुरतात. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात आणि त्यांतील बहुतेक सर्व कुत्र्याच्या चाव्यामुळे. दुसऱ्या बाजूला गोव्याने गावोगावच्या कुत्र्यांना सातत्याने लस देऊन २०२१ मध्ये ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून घोषणा होण्याइतकी मजल मारली. म्हणजे माणसाचा बचाव कुत्र्याच्या मानेतून सुरू होतो. बेलू घरी आली त्याच आठवड्यात खेळताना तिचे दुधाचे दात आमच्या मुलाच्या मनगटाला लागले आणि किंचित खरचटले. ‘एवढेसे पिल्लू, त्याला कसला रेबीज’ असे मीही म्हणून गेले. डॉक्टरांनी फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या: साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा, आणि पिल्लाचा विचार माझ्यावर सोडून मुलाला माणसांच्या डॉक्टरांकडे न्या. हळद, चुना, तिखट यांपैकी काही लावू नका, हे त्यांना वेगळे सांगावे लागले, यावरूनच लोक अजून काय काय लावतात ते कळावे. मुलाची इंजेक्शने झाली. लस न झालेली आई आणि रस्त्यावर गेलेले सहा आठवडे, यांपुढे आमच्या ‘एवढेसे’ला काही अर्थ नव्हता.

सर्वांत कठीण भाग मात्र सुईचा नव्हता. सोळा आठवडे होईपर्यंत पिल्लाला जमिनीपासून लांब ठेवायचे आणि तरी जगापासून लांब ठेवायचे नाही, हा होता. कुत्र्याचा स्वभाव घडण्याचा मुख्य काळ तिसऱ्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा असतो. लशी पूर्ण होईपर्यंत त्याला चार भिंतींत कोंडले तर ते पार्वोपासून वाचते, पण आयुष्यभर रिक्षाच्या भोंग्याला आणि अनोळखी माणसाला घाबरत किंवा भुंकत राहते. आणि असे कुत्रे मोठे झाले की त्याला सोडून देणारी घरे आपण पाहतोच. यावर आमचा तोडगा म्हणजे भाजीची जुनी कापडी पिशवी. बेलू त्या पिशवीत बसून मंडईत गेली, बसथांब्यावर उभी राहिली, शाळा सुटतानाचा गलका तिने पाहिला. पाय मात्र जमिनीला एकदाही लावले नाहीत. ओळखीतल्या, सर्व लशी झालेल्या एका शांत कुत्रीच्या घरी तिला दोनदा नेले. पुण्यात राहायचे तर ढोल-ताशाची सवय हवी, पण पथकांचा सराव सुरू होतो तोवर चौदा आठवडे उलटून गेलेले असतात. म्हणून तिच्या जेवणाच्या वेळी फोनवर ढोलाचा आवाज आधी अगदी बारीक, मग थोडा मोठा असा लावत गेलो. शेजारच्या काकांनी जिन्यात थांबवून विचारले, “मे महिन्यातच गणपती बसवलात का?”

पार्वोच्या विषाणूला घरात यायला कुत्रा लागत नाही, चपलेचा तळ पुरतो, आणि सावलीच्या ओलसर जागी तो कित्येक महिने टिकतो. फिनेलवर माझा जो गाढ विश्वास होता, तो येथे कामाचा नाही. आधी फरशी साबणाने धुवायची, मग तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून ते दहा मिनिटे ओले राहू द्यायचे आणि मगच पुसायचे. चपला दाराबाहेर काढण्याची आपली रीत यात उपयोगी पडली. फक्त बाहेरच्या चपला बेलू दाराच्या फटीतून आत ओढू पाहत असे, म्हणून त्यांची जागा कपाटात गेली.

बेलूच्या वेतातली बाकीची तीन पिल्ले सोसायटीतल्याच लोकांनी नेली. त्यांच्यापैकी एकाच्या घरी मी आमचे वेळापत्रक लिहून दिले होते. “आमच्याकडे दोन झाल्या, आता पुरे,” असे त्यांनी मे महिन्यात सांगितले, तेव्हा मी त्यांच्या दिवाणखान्यात बसून खरवसापासून सुरुवात केली. बहुधा मी जरा जास्तच बोलले. पण १८ जूनला दवाखान्याच्या बाकावर ते पिल्लू आमच्या आधी येऊन बसलेले होते.

२९ जूनच्या रविवारी, शेवटच्या मात्रेनंतर अकरा दिवसांनी, बेलूचे पाय पहिल्यांदा मातीला लागले. ती बराच वेळ जागची हलली नाही, मग तिने एक पान तोंडात धरले आणि जेथे मोत्या लोळत असे त्याच गवतावर जाऊन बसली.

३ सप्टेंबरला, गौरी-गणपतीच्या गडबडीतून उठून, आम्ही शेवटची लस देऊन आलो. डॉक्टरांनी पुस्तिकेत कागद चिकटवला, महापालिकेच्या परवान्यासाठी रेबीजचे प्रमाणपत्र लिहून दिले आणि पुढच्या वर्षीच्या तारखा सांगितल्या: विषाणूंच्या मुख्य लशी आता तीन वर्षे नकोत, रेबीज आणि लेप्टो मात्र दरवर्षी. २०२६ चे कालनिर्णय अजून घरात आलेले नव्हते, म्हणून यंदाच्याच शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात मी ‘लेप्टो, मे’ असे लिहिले. रात्री सासूबाईंनी ते वाचले, पेन मागून घेतले, ‘मे’ खोडला आणि त्याजागी ‘एप्रिल’ लिहिले.